खिडकीतला कोळी वेगळा, शेडमधला वेगळा

पत्र

नमस्कार ताई,

आम्ही दोन वर्षांपासून साउथॅम्प्टनमध्ये भाड्याच्या घरात राहतो. गेल्या आठवड्यात बाथरूमच्या खिडकीत बाहेरच्या बाजूला एक कोळी दिसला. पोट गोल, पाठीवर पांढुरकी नक्षी. शेजारीण म्हणाली, हा फॉल्स विडो, विषारी असतो, पाय सडल्याच्या बातम्या वाचल्या नाहीस का? मग तिने आमच्या बागेतल्या शेडमध्ये डोकावून तिथेही एक दाखवला. तो जास्त काळपट आणि चकचकीत होता. माझी मुलगी 14 महिन्यांची आहे. दिवसभर रांगते, हाताला लागेल ते तोंडात घालते. परवा तिच्या पोटरीवर एका ओळीत तीन लाल गांधी उठल्या होत्या. नवरा म्हणतो, पेस्ट कंट्रोलवाल्यांना बोलावू. भारतातून आलेल्या सासूबाई म्हणतात, कोळ्याला मारायचं नाही. त्या रोज सकाळी खिडकीतलं जाळं बघत बसतात. "किती रेखीव गोल जाळं विणलंय, फक्त वरचा एक तुकडा विणायचा राहिलाय," असं त्यांचं म्हणणं. मला मात्र रात्री झोप लागत नाही. हा नक्की तोच आहे का? आणि आम्ही करायचं काय?

– एक आई

उत्तर

नमस्कार,

तुमच्या पत्रातलं सगळ्यात मोलाचं वाक्य तुमच्या सासूबाईंचं आहे. जाळं गोल आहे आणि वरचा एक तुकडा विणायचा राहिला आहे, हे त्यांनी पाहिलं नसतं तर मला फोटोवर फोटो मागवावे लागले असते. त्या एका वाक्यावरून सांगते: खिडकीतला कोळी फॉल्स विडो नाही. तो झायजिएला. इंग्लंडमध्ये खिडकीच्या चौकटीत सगळ्यात जास्त दिसणाऱ्या कोळ्यांपैकी एक. पाठीवर रुपेरी करडी, पानाच्या आकाराची नक्षी असते आणि बऱ्याच लोकांना तीच "विषारी खूण" वाटते.

त्या राहिलेल्या तुकड्याचं काम सासूबाईंना सांगा, त्यांना आवडेल. सायकलच्या चाकाच्या आऱ्यांसारखे धागे मध्यापासून बाहेर गेलेले असतात आणि त्यांवरून गोल गोल चिकट धागा फिरवलेला असतो. झायजिएला वरच्या बाजूचा एक भाग मुद्दाम रिकामा सोडतो. त्या रिकाम्या जागेतून एकच धागा चौकटीच्या कोपऱ्यातल्या त्याच्या लपण्याच्या जागेपर्यंत जातो. कोळी तिथे आत बसतो आणि पुढचा पाय त्या धाग्यावर टेकवून ठेवतो. माशी अडकली की धागा थरथरतो आणि त्याला कळतं. उद्या सकाळी बारकाईने पाहा, तो धागा दिसेल. जाळं पूर्ण आहे, त्यात विणायचं काही राहिलेलं नाही.

आता शेडमधला. तो मात्र फॉल्स विडो असण्याची दाट शक्यता आहे. साउथॅम्प्टनमध्ये, जुन्या लाकडी शेडमध्ये, काळपट आणि चकचकीत म्हटल्यावर नवल वाटायला नको. दक्षिण किनाऱ्यावरच्या जवळजवळ प्रत्येक गल्लीत तो असतो, फक्त आपण पाहिलेला नसतो. घाबरून लगेच शेडला कुलूप लावू नका. आधी ओळख पक्की करू.

बहुतेक लोक कोळी ओळखताना थेट पाठीवरच्या नक्षीकडे बघतात आणि तिथेच फसतात. नक्षी वयाप्रमाणे बदलते, जुन्या मादीची तर पुसटच होऊन जाते. मी पहिल्यांदा जाळं बघते. फॉल्स विडोचं जाळं म्हणजे आपण ज्याला जळमट म्हणतो तेच. आकार नाही, गोलाई नाही, चारी दिशांना वेडेवाकडे ताणलेले धागे. पण हे धागे फार चिवट असतात. काडीने एक धागा ओढून पाहा. साध्या कोळिष्टकासारखा तो काडीला गुंडाळत येत नाही, ताणला जातो आणि कधी कधी तुटताना बारीकसा आवाजही होतो. खालच्या बाजूला काही धागे सरळ जमिनीला किंवा फळीला टेकवलेले असतात आणि त्यांच्या टोकाला गोंदाचे थेंब असतात. रांगत जाणारा किडा त्याला चिकटला की धागा खालून सुटतो आणि किडा वर उचलला जातो. श्रॉपशायरमधल्या एका घरात अशाच जाळ्यात छोटी वटवाघळं अडकल्याची नोंद काही वर्षांपूर्वी झाली. त्याच्या बातम्या तुमच्या शेजारणीने नक्की वाचल्या असतील. त्यातून धाग्याचा चिवटपणा कळतो, माणसाला असलेला धोका नाही.

दुसरी गोष्ट, तो बसतो कसा. दिवसा तो फटीत, कोपऱ्यात, फळीमागे असतो आणि बाहेर फक्त पायांची टोकं दिसतात. अंधार पडला की जाळ्याच्या मध्ये येऊन पोट वर करून उलटा लटकतो. म्हणून ओळख पटवायची वेळ दुपारची नाही. रात्री टॉर्च घेऊन जा.

मग शरीर बघा. पोट फुगीर आणि गोल, त्याला पॉलिश केल्यासारखी चकाकी. अंगावर डोळ्यात भरतील असे केस नसतात. पाय तांबूस किंवा नारिंगीकडे झुकणारे तपकिरी, आणि त्यांवर पट्टे नसतात. ही पायांची खूण मला नक्षीपेक्षा भरवशाची वाटते. झायजिएलाचे पाय करडे, पट्ट्यापट्ट्यांचे असतात. नक्षी बघायचीच असेल तर पोटाच्या पुढच्या कडेला, जिथे पोट पुढच्या भागाला जोडलेलं असतं तिथे, मलईच्या रंगाची एक कमान दिसते का ते पाहा. पाठीवर फिकट जागेत गडद आकृती असते. काहींना त्यात कवटी दिसते, मला अजून दिसलेली नाही.

आकाराचा अंदाज डोळ्यांनी कधीच बरोबर येत नाही. भीती वाटत असली की कोळी हमखास दुप्पट दिसतो. जाळ्याजवळ, त्याला न लावता, पाच पेन्सचं नाणं धरा. त्याचा व्यास 18 मिलीमीटर. पूर्ण वाढलेल्या मादीचं नुसतं अंग 9 ते 14 मिलीमीटर भरतं, म्हणजे पाय सोडले तर ती त्या नाण्याच्या आत आरामात मावते. नर त्याहून लहान आणि सडपातळ. तुमचा कोळी अंगानेच नाण्याबाहेर जात असेल, किंवा लांब केसाळ पायांनी जमिनीवरून सुसाट पळत असेल, तर तो घरातला मोठा कोळी, एराटिजिना. सप्टेंबर आला की त्याचे नर मादीच्या शोधात घरभर फिरतात आणि बाथटबमध्ये पडले की चढता न आल्यामुळे तिथेच अडकून राहतात. त्याचा फॉल्स विडोशी काही संबंध नाही.

शेडच्या किंवा घराच्या भिंतीला विटांमध्ये भोकं असतील आणि त्यांभोवती निळसर, लोकरीसारखं विसविशीत जाळं पसरलेलं असेल तर तो अमॉरोबियस. त्याच्या पाठीवरही पिवळट नक्षी असते, त्यामुळे गोंधळ होतो. एक गंमत सांगते. इलेक्ट्रिक टूथब्रश चालू करून त्याचं टोक त्या जाळ्याला हलकेच लावलं तर माशी अडकली असं समजून तो भोकातून बाहेर येतो. मुलांना दाखवायला छान आहे, पण ब्रश जुना घ्या.

फॉल्स विडो ही एकच जात नाही, हेही सांगायला हवं. इंग्लंडमध्ये तीन नावं तुम्ही ऐकाल. बातम्यांत येतो तो स्टिएटोडा नोबिलिस, तिघांत सगळ्यात मोठा. दुसरा स्टिएटोडा ग्रोसा, घरात कपाटामागे, तळघरात सापडतो. त्याचा रंग जांभळट तपकिरी ते थेट काळा. नक्षी अगदी फिकट किंवा मुळीच नसते, म्हणून लोक त्यालाच खरा, जास्त विषारी ब्लॅक विडो समजून बसतात. तिसरा स्टिएटोडा बायपंक्टाटा, सगळ्यात लहान, अंग जेमतेम 4 ते 7 मिलीमीटर. पाठीवर दोन बारीक खळगे असतात, त्यावरूनच नाव पडलं. सशांच्या खुराड्यात, लाकडी शेडमध्ये तो पूर्वीपासून राहत आलेला आहे, इथलाच आहे. तुमच्या शेडमधला कोळी लहान असेल तर तो हाच असण्याचीही शक्यता आहे.

आणि खरा ब्लॅक विडो? त्याच्या पोटाच्या खालच्या बाजूला, पाठीवर नाही, वाळूच्या घड्याळासारखी, मध्ये निमुळती लाल खूण असते. ब्रिटनमध्ये तो वस्ती करून राहिलेला नाही. कधीतरी आयात मालातून एखादा येतो, तेवढंच. फॉल्स विडोच्या पोटाखाली अशी लाल खूण नसते. दोघे एकाच कुळातले, दिसायला थोडे सारखे, त्यामुळे "फॉल्स" हा शब्द चिकटला.

नोबिलिस मूळचा मदेरा आणि कॅनरी बेटांवरचा. ब्रिटनमध्ये त्याची पहिली नोंद 1879 मध्ये टॉर्की इथे, डेव्हनच्या किनाऱ्यावर झाली. बहुधा फळांच्या मालाबरोबर आला असावा. म्हणजे तुमच्या शेजारणीला जे नवं संकट वाटतंय ते तिच्या पणजीच्या काळापासून इथे आहे. बरीच दशकं तो दक्षिण किनाऱ्यावरच्या काही परगण्यांतच होता. गेल्या तीसेक वर्षांत मात्र तो झपाट्याने पसरला. डेव्हन, डॉर्सेट, हॅम्पशायर, ससेक्स, केंट, लंडन इथे तर तो अगदी नेहमीचा झालाय. पुढे वेल्स, मिडलँड्स, उत्तर इंग्लंडपर्यंत सरकलाय. आयर्लंडमध्ये 1999 मध्ये विकलो परगण्यात ब्रे इथे सापडला आणि आता तिथेही पुष्कळ आहे.

तो राहतो कुठे, हे कळलं की अर्धी भीती जाते. त्याला जंगल नको असतं, माणसाने बांधलेलं काहीतरी हवं असतं. लाकडी कुंपणाच्या दोन फळ्यांमधली फट, पोकळ लोखंडी रेलिंगचं तोंड, चाकं असलेल्या कचऱ्याच्या डब्याच्या झाकणाखालची कड, मीटरची पेटी, खिडकीच्या चौकटीचा वरचा कोपरा, कॉन्झर्व्हेटरी (घराला जोडलेली काचेची खोली), बाहेरच्या दिव्यामागची जागा. दिव्यांजवळ किडे येतात, म्हणून तिथे तो हमखास असतो. आमच्या रस्त्याच्या कडेला लोखंडी रेलिंग आहे. एका ऑक्टोबरमध्ये मी रात्री टॉर्च घेऊन एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत प्रत्येक पोकळ खांब तपासत गेले. निम्म्याहून जास्त खांबांच्या तोंडाशी जळमट होतं आणि बऱ्याचशांत ती तांबूस पायांची मादी उलटी लटकलेली होती. त्याच रेलिंगवर रोज सकाळी शाळेत जाणारी मुलं हात फिरवत जातात. त्या रस्त्यावर कोणाला कोळी चावल्याचं मी कधी ऐकलेलं नाही.

याचं कारण साधं आहे. त्याला नीट दिसत नाही. त्याचं सगळं जग धाग्यांच्या थरथरण्यातून कळतं. माणूस जवळ आला की तो फटीत पळतो. चावतो तेव्हा जवळजवळ नेहमी एकच गोष्ट झालेली असते: तो कपड्यात, चादरीत, हातमोज्यात अडकलेला असतो आणि आपण त्याला अंगाशी दाबतो. मलाही एकदा तसाच चावला. शेडमध्ये महिनाभर पडलेला बागकामाचा हातमोजा न झटकता हातात घातला. अंगठ्याच्या बुडाशी गांधीलमाशी चावल्यासारखी कळ आली. बोट लाल झालं, थोडं सुजलं, तासाभराने मुंग्या आल्यासारखं वाटत होतं. साबणाने धुतलं, गार पाण्यात भिजवलेला कपडा धरून बसले. रात्री दुखत होतं, दुसऱ्या दिवशी संध्याकाळपर्यंत फक्त एक लाल ठिपका उरला. बहुतेकांचा अनुभव असाच असतो. काही जणांना घाम, मळमळ, अंग मोडून आल्यासारखं, बारीक ताप असं एखाद-दोन दिवस होतं. क्वचित कोणाला त्याहून जास्त त्रास होतो आणि दवाखान्यात जावं लागतं. हे लपवून ठेवण्यात अर्थ नाही. पण ब्रिटनमध्ये फॉल्स विडो चावून कोणी दगावल्याची नोंद नाही.

मग पाय सडल्याच्या बातम्या? याबद्दल मला मनापासून राग येतो, आणि तो कोळ्यावर नाही. 2013 च्या शरद ऋतूत अशा बातम्यांचं पेव फुटलं होतं. ग्लॉस्टरशायरमध्ये एक शाळा फवारणीसाठी बंद ठेवावी लागली. 2018 मध्ये पूर्व लंडनच्या न्यूहॅम भागात आणखी काही शाळा बंद झाल्या. फोटोंमध्ये सुजलेले, पू झालेले पाय दिसतात. पण बहुतेक ठिकाणी कोळी चावताना कोणी पाहिलेला नसतो, पकडलेला नसतो, ओळखलेला नसतो. सकाळी उठल्यावर लाल झालेली जागा दिसते आणि दोष कोळ्याच्या माथी येतो. कातडीला जिवाणूंचा संसर्ग झाला तरी नेमकं असंच दिसतं, तो एखाद्या बारीक खरचटण्यातूनही सुरू होऊ शकतो आणि त्याला वेळेवर अँटिबायोटिक लागतं. "कोळी चावला, होईल बरं" म्हणून माणूस घरी थांबला तर खरा धोका तिथे आहे. कोण चावलं याचा शोध राहू द्या, जखम कशी वागतेय ते बघा.

म्हणून आता तुमच्या मुलीच्या तीन गांधींकडे. मी डॉक्टर नाही आणि पत्रावरून निदान करणार नाही. पण एका ओळीत तीन गांधी म्हटल्यावर माझं लक्ष कोळ्याकडे जात नाही. कोळी अडकला म्हणून एकदा चावतो आणि सुटायला बघतो, ओळीने तीन ठिकाणी चावत बसत नाही. ओळीने किंवा घोळक्याने गांधी उठतात त्या बहुतेक पिसवांच्या किंवा ढेकणांच्या. घरात किंवा शेजारी मांजर आहे का? आधीच्या भाडेकरूंचा गालिचा तसाच आहे का? पलंगाच्या गादीची शिवण, कॉटचे सांधे उजेडात तपासा. बारीक काळे ठिपके दिसले तर शोध तिकडे घ्या. खरोखर ढेकूण निघाले तर मात्र पेस्ट कंट्रोलवाले हवेत, आणि ते घरमालकाला आधी लेखी कळवून. गांधी खाजत असतील तर तिची नखं बारीक कापा आणि फार्मसीत दाखवून या. इंग्लंडमध्ये 2024 पासून जंतुसंसर्ग झालेल्या कीटकदंशावर फार्मासिस्ट एक वर्षाच्या पुढच्या मुलांना जीपीकडे (आपल्या नेहमीच्या डॉक्टरकडे) न पाठवताही औषध देऊ शकतात. जागा पसरत चालली, गरम लागली, पू आला, लाल रेघ वर चढताना दिसली किंवा ताप आला तर त्याच दिवशी जीपी किंवा 111 (आरोग्य सल्ल्याचा फोन). ओठ, जीभ सुजली किंवा श्वास घ्यायला त्रास झाला तर 999 (तातडीच्या मदतीचा फोन), कोण चावलं हा विचार करत बसायचं नाही. लहान मुलांना ॲस्पिरिन कधीही देऊ नका.

पेस्ट कंट्रोलबद्दल तुमच्या नवऱ्याला माझा निरोप द्या की शेडमधल्या एका कोळ्यासाठी घरभर फवारणी करू नका. रांगणारं मूल जमिनीला हात लावून तोच हात तोंडात घालतं, फवारलेलं औषध जमिनीवरच असतं. आणि फवारणीने आजचे कोळी मेले तरी कुंपणातले, शेजारच्या शेडमधले पुढच्या हंगामात येतातच. मादी एका पुरचुंडीत शेकडोच्या घरात अंडी घालते. ती पुरचुंडी शेडच्या कोपऱ्यात दिसली तर ओळखता येईल: पांढऱ्या, विरळ कापसाचा वाटाण्याएवढा गोळा, आतली अंडी बाहेरून दिसतात. नको असेल तर व्हॅक्यूमने ओढून घ्या आणि पिशवी बाहेरच्या डब्यात टाका. घरात एखादा आला तर काचेचा ग्लास उलटा ठेवायचा, खालून जाड कागद सरकवायचा आणि बाहेर कुंपणाशी सोडायचं. खोलीच्या कोपऱ्यांत कॉन्कर (हॉर्स चेस्टनट झाडाच्या तपकिरी बिया) ठेवले की कोळी येत नाहीत असं इथले लोक सांगतात. त्याने काही होत नाही, उलट तुमच्या मुलीच्या तोंडात जाईल अशी एक बी जमिनीवर येईल.

तुमच्या घरी मी आले असते तर सगळ्यात आधी बागेतल्या प्लास्टिकच्या खेळण्यांकडे गेले असते. मुलं बसून चालवतात त्या गाड्या, छोट्या खुर्च्या, घसरगुंडी, या सगळ्यांची खालची कड आतून पोकळ असते. तिथे बोटं घालूनच मूल खेळणं उचलतं, आणि फॉल्स विडोला तशीच पोकळ, कोरडी, अंधारी कड हवी असते. प्रत्येक वेळी बागेत नेण्याआधी खेळणं उलटं करून काठीने कड साफ करा. एक मिनिटाचं काम आहे आणि दुसऱ्या कुठल्याही उपायापेक्षा जास्त उपयोगाचं. वेलिंग्टन बूट आत आणताना उलटे करून आपटा. बाहेर दोरीवर वाळवलेले कपडे, विशेषतः रात्रभर राहिलेले, झटकून घ्या. कॉट भिंतीपासून वीतभर पुढे ओढा आणि चादर जमिनीला टेकू देऊ नका. हातमोजे शेडमध्ये ठेवायचे असतील तर झाकणाच्या डब्यात ठेवा. माझे आता तिथेच असतात.

शेडमधल्या मादीला तुम्ही राहू दिलंत तर मला आनंद होईल, पण तुमच्या झोपेवर परिणाम होत असेल तर ग्लासात धरून बागेच्या टोकाच्या कुंपणावर सोडा. त्यात काही चुकीचं नाही. मुलगी शेडमध्ये एकटी जातच नाही, दार बंद असतं, हे लक्षात घेऊन ठरवा. माद्या कित्येक वर्षं जगतात. माझ्या मीटरच्या पेटीमागची एक मी तीन हिवाळे पाहिली. तिच्या जाळ्याखाली रोज सकाळी वुडलाउसची (ओलसर लाकडाखाली राहणाऱ्या करड्या किड्यांची), मुंग्यांची, कधी दुसऱ्या कोळ्यांची रिकामी टरफलं पडलेली असायची.

ओळख अजून पक्की हवी असेल तर फोटो काढा. रात्री, टॉर्च बाजूने धरून, कारण समोरून धरला की चकाकीमुळे नक्षी पांढरी होऊन जाते. एक फोटो पाठीचा, एक पोटाखालचा (उलटा लटकलेला असतो, तेव्हा वरून काढलात की पोटाखालची बाजू मिळते), एक जाळ्याचा, आणि जवळ ते पाच पेन्सचं नाणं. ब्रिटिश अ‍ॅरॅक्नॉलॉजिकल सोसायटीची कोळ्यांच्या नोंदींची योजना आहे, तिथे गावाच्या नावासकट नोंद पाठवता येते. ब्रिटनमध्ये कोळ्यांच्या 650 च्या आसपास जाती आहेत आणि त्यांची माहिती अशाच घराघरांतल्या नोंदींतून जमा झालेली आहे.

आणि ती नोंद तुमच्या सासूबाईंच्या नावाने पाठवा. त्यांना एक दिवस अंधार पडल्यावर शाल घेऊन शेडच्या दाराशी उभं करा. गवताची बारीक काडी जाळ्याच्या खालच्या धाग्याला अगदी हलकी लावायची, बोट नाही. मादी खाली येईल, वळेल, आणि मागच्या दोन पायांनी भराभर चिकट रेशीम काडीवर फेकायला लागेल. त्या मागच्या पायांवर कंगव्यासारखे राठ केस असतात, त्यांनीच ती रेशीम ओढून फेकते. काडी खाण्याजोगी नाही हे तिला काही क्षणांत कळेल आणि ती परत फटीत जाईल. मग मला लिहा, त्यांना काय काय दिसलं ते.